काळवंडलेल्या डॉलरचा भाव

दिवाळी आली की देवघरातली चांदीची निरांजने घासूनपुसून लख्ख केली जातात. जुन्या नाण्यावर हाच उत्साह दाखवला, तर त्याचा भाव पाच मिनिटांत उतरतो. अमेरिकेच्या मॉर्गन डॉलरचा तर न्यायच उलटा. छान रंग धरलेल्या डॉलरला पांढऱ्याशुभ्र डॉलरच्या कित्येक पट पैसे मिळू शकतात.

जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या कोरीवकाराचे हे नाणे 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये पाडले गेले. वजन 26.73 ग्रॅम, चांदी 90 टक्के, बाकी तांबे. 1878 च्या कायद्यामुळे सरकारला दरमहा निदान 20 लाख डॉलरची चांदी विकत घ्यावी लागे. एवढी जड नाणी लोकांना खिशात नको होती. ती हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत, तिजोऱ्यांत पडून राहिली.

पुढे 1918 च्या पिटमन कायद्याखाली 27 कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले. त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानचे रुपये पाडण्यासाठी ब्रिटिश सरकारने घेतली, कारण महायुद्धाच्या धास्तीने लोक नोटा देऊन रोकडे रुपये मागत होते. आजोबांच्या पेटीतल्या 1919 च्या रुपयात एखादा डॉलर मुरलेला असू शकतो!

बचावलेल्या नाण्यांवर पिशवीच्या कापडातल्या गंधकाने सावकाश काम केले. चांदीवर सल्फाइडचा पातळ थर चढला आणि पावसाळी रस्त्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे रंग उमटले. थर जाड होत जातो तसे आधी सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा असे ते पालटतात, शेवटी काळा. शेजारच्या नाण्याने झाकलेला भाग कोराच राहतो. म्हणून अशा डॉलरवर रंगाची चंद्रकोर दिसते, क्वचित कापडाची वीणही.

दर्जा ठरवताना मात्र पारखी आधी रंगाखालची चांदी पाहतो. 1949 मध्ये विल्यम शेल्डन यांनी तांब्याच्या सेंटसाठी मांडलेली 1 ते 70 ची पट्टी आता सगळ्याच नाण्यांना लागते. 60 पासून पुढे न वापरलेली नाणी. डॉलरवरच्या लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचा, गाल रुंद आणि सपाट, त्यामुळे पिशवीतले ओरखडे तिथे लगेच दिसतात. तिच्या कानावरचे केस नि मागच्या बाजूच्या गरुडाची छाती ठसा किती नीट बसला ते सांगतात. दिव्याखाली नाणे कलते केले की चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरली पाहिजे. दाट रंगाने ती मेली असेल, तर कौतुक आटोपते घ्यावे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीने 1881 मध्ये सव्वा कोटीहून जास्त डॉलर पाडले. नाणे सुबक, पण मुबलक. त्यावर भाव चढतो तो मुख्यतः रंगामुळे, आणि म्हणूनच लबाडीही इथेच. गंधक, रसायने, भट्टी यांनी रंग आणला जातो. रंगांचा क्रम चुकलेला, छटा एकमेकींत न मिसळता तुटलेल्या, दोन्ही बाजू सारख्याच भडक, अशा नाण्यावर संशय घ्यावा. नाणे तपासून प्लास्टिकच्या डबीत बंद करणाऱ्या संस्थाही रंग संशयास्पद वाटला, तर आकडा न देता तसा शेरा मारतात.

जाणता खरेदीदार म्हणून दोन हिशेब करतो. रंग नसता तर या साल-टांकसाळीच्या, या दर्जाच्या नाण्याला काय दिले असते, हा पहिला. त्या आकड्यावर रंगासाठी किती चढवायचे, हा दुसरा.