किती पौंड हवा?

एकदा मनमाडहून मालेगावला निघताना टायरमध्ये हवा भरायला थांबलो. दुकानातल्या पोऱ्याने विचारलं, "काका, किती पौंड?" गाडीच्या दारावरच्या चिठ्ठीत २.२ असा आकडा होता. मी मनातल्या मनात टिंब पुसलं आणि म्हणालो, "बावीस." मालेगाव येईपर्यंत टायर तव्यासारखा तापला! नशीब, फुटला नाही.

चूक माझीच होती. चिठ्ठीतला आकडा बारमध्ये होता. एक बार म्हणजे साडेचौदा पौंड, म्हणजे २.२ बारचे झाले ३२ पौंड. टायरमधला दाब जवळजवळ एक तृतीयांश कमी राहिला होता.

आता हे पौंड आणि किलो वाण्याच्या तराजूतले नव्हेत. दाब म्हणजे ठरावीक जागेवर पडणारा जोर. 'पौंड' म्हणजे दर चौरस इंचावर इतके पौंड आणि 'किलो' म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर इतके किलो. वाण्याकडे एक किलोचे २.२ पौंड होतात. पण एका चौरस इंचात ६.४५ चौरस सेंटिमीटर मावतात. म्हणून २.२ ला ६.४५ ने गुणायचं. उत्तर येतं १४.२. दाबाच्या एका किलोचे पौंड इतके!

मनमाड जंक्शनवर हा हिशेब रोज रुळांवरून धावतो. गाडीच्या ब्रेक पाइपमध्ये ५ किलो दाबाची हवा असते, म्हणजे ७१ पौंड. गंमत अशी, की हा दाब असतो तोवर ब्रेक सुटलेले राहतात. तो उतरला की ब्रेक लागतात. पाइप तुटला, तरी गाडी आपोआप थांबते. म्हणूनच शेवटच्या डब्यातला गार्ड, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, गाडी सुटण्याआधी काटा पाहतो. वाफेच्या जमान्यात काटे पौंडांत होते. डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनाचा बॉयलर २१० पौंडांवर चाले, म्हणजे पावणेपंधरा किलोंवर.

पाण्याची ओढ मनमाडकरांना सांगायला नको. तर पाण्याचंच माप घ्या. १० मीटर उंच पाण्याचा दाब एक किलो. टाकी नळापेक्षा २० मीटर उंच असेल, तर पाणी स्थिर असताना नळाशी २ किलो दाब मिळतो. टाकी रुंद की अरुंद, याने फरक पडत नाही. उंची तेवढी मोजायची. डॉक्टरांच्या यंत्रातला १२० मिलिमीटर पारा पाण्यात मोजला, तर भरतो सुमारे १६३ सेंटिमीटर, जवळजवळ माणसाच्या उंचीएवढा!

राहिला पास्कल. फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाचं हे माप फार लहान, म्हणून किलोपास्कल वापरतात. एक बार म्हणजे १०० किलोपास्कल. चिठ्ठीत २२० दिसले, तर ते २.२ बारच.

तेव्हा हिशेब एवढाच ठेवा: एक किलो, दहा मीटर पाणी, चौदा पौंड आणि जवळजवळ एक बार, ही सारी एकाच घरातली भावंडं. पण कुणी नुसता आकडा सांगितला, तर आधी विचारा, "कशाचे?"