किल्ल्या दहा, पेटी एकच



समजा, तुमच्या गटाने म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर टिपल्या आणि त्यांचा अल्बम करायचं ठरवलं. मुखपृष्ठ हवं थोडं गूढ, अंगावर काटा आणणारं. त्याला खर्च नाही. खोलीत अंधार करा. जातं भिंतीजवळ ठेवा, चिमणी खाली जमिनीवर, पदरापासून लांब. रोजचा उजेड वरून येतो, म्हणून खालून आलेला उजेड डोळ्याला परका वाटतो आणि खुंट्याची सावली भिंतभर होते. मोबाईल डब्याला टेकवा, फ्लॅश बंद करा, टायमर लावा. अंधारात कॅमेरा जास्त वेळ उजेड घेतो, त्यामुळे फिरणारा हात धुरासारखा पुसट येतो. जातं दिसतं, दळणारी दिसत नाही!

हा फोटो आणि ओव्या सगळ्यांना मिळाव्यात म्हणून नेटवरच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकल्या. खरी भुताटकी इथं सुरू होते.

एकीला फोटो अर्धाच दिसतो, खाली नुसता राखाडी पट्टा. घाबरू नका. मध्येच रेंज गेली, फाईल अर्धी उतरली. पुन्हा उतरवून घ्या.

एकीने फोटो बदलला, तरी दुसरीला जुनाच दिसतो. कारण यंत्र दरवेळी लांबच्या साठ्याला विचारत नाही, जवळ ठेवलेली प्रत दाखवतं. ही खोड जुनी आहे. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने 1984 मध्ये एनएफएस नावाची पद्धत आणली. तिच्यात एका जागच्या फायली अनेक संगणक वापरतात. तिथंही संगणक काही सेकंद जुन्याच माहितीवर चालतो.

दोघींनी एकाच वेळी एकच फाईल सुधारली, तर कधी कधी शेवटी जतन करणारीचंच काम उरतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. जिने फाईल टाकली तिनेच ती काढली, तर ती सगळ्यांचीच जाते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती 30 दिवस राहते, मग कायमची जाते.

गटाच्या पेटीच्या दहा किल्ल्या केल्या म्हणून पेट्या दहा होत नाहीत. सामायिक फोल्डरचंही तसंच. पाहणाऱ्या पुष्कळ, वस्तू एकच.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायांच्या मदतीने एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या कागदावर लिहिल्या गेल्या, त्यातल्या काही टेपवर घेतल्या गेल्या, पुढे संगणकात आल्या. आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्यातल्या अनेक वाचता-ऐकता येतात. एकाच जागेवर भिस्त ठेवली नाही, म्हणून हे शक्य झालं.

तेव्हा तीन गोष्टी करा. फाईलच्या नावात तारीख घाला आणि बदल करायचं काम एकीकडेच द्या. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ग्रामसंघाच्या कपाटात ठेवा, आणि महिन्यातून एकदा ती उघडून पाहा. तिसरी प्रत वहीत लिहा: ओवी, गाणारीचं नाव, गाव. गटाच्या हिशेबालाही हाच नियम लावा.

फोटो पुन्हा काढता येईल. गाणारी आजी गेल्यावर तिचा आवाज मात्र पुन्हा टिपता येणार नाही. येत्या बैठकीत विचारा, आपली दुसरी प्रत कुठं आहे?