दातांचे डॉक्टर : नेहमीचे आणि तज्ज्ञ
(उत्सवातील आरोग्यविषयक भाषणाचा सारांश)



ज्याच्यासमोर आपण जमलो आहोत तो एकदंत. एका दाताने त्याचे काही अडले नाही. आपले मात्र अडते. म्हणून आज दातांच्या डॉक्टरांविषयी चार शब्द.

पुणे, सोलापूर, बेळगावकडून येऊन आपण बसवनगुडीत रुळलो. गांधी बाजारातला भाजीवालाही ओळखीचा झाला. पण दात दुखला की, "मे महिन्यात गावी गेल्यावर दाखवू!" साध्या फिलिंगने भागले असते, ती कीड तोवर दाताच्या नसेपर्यंत पोचते. याउलट काहीजण जराशी कळ आली की थेट स्पेशालिस्ट शोधतात. खरे तर फरक समजला की निवड सोपी आहे.

बी.डी.एस. हा इंटर्नशिप धरून पाच वर्षांचा अभ्यासक्रम. तो पूर्ण करून राज्य दंत परिषदेत नोंदणी केलेले डॉक्टर तपासणी, सफाई, फिलिंग, दात काढणे, रूट कॅनॉल, कवळी ही कामे करतात. पुढे तीन वर्षे एकाच शाखेत एम.डी.एस. करतात ते तज्ज्ञ. अशा शाखा नऊ आहेत. मुळे फार वाकडी असली किंवा आधीचे रूट कॅनॉल फसले, तर एंडोडॉन्टिस्ट. हिरड्या सुटून दात हलू लागले, तर पेरिओडॉन्टिस्ट. वाकड्या दातांना तारा लावायला ऑर्थोडॉन्टिस्ट. हाडात अडकलेल्या अक्कलदाढेला ओरल सर्जन. लहान मुलांसाठी पेडोडॉन्टिस्ट.

मग नेहमीचा डॉक्टर कशाला? कारण तज्ज्ञ आपल्या कामापुरते पाहतो, नेहमीचा डॉक्टर सबंध तोंड पाहतो. दाढेचे रूट कॅनॉल तज्ज्ञाने उत्तम केले, दुखणे थांबले, की पेशंट कॅप बसवायला जातच नाही. पोखरलेली दाढ एके दिवशी सुपारीवर चिरते आणि काढावी लागते. पैसे गेले, दाढही गेली! पाठपुरावा करणारा डॉक्टर असेल तर हे सहसा टळते. मधुमेह असणाऱ्यांनी तर त्याच्याकडे नियमित जावे. त्यांच्या हिरड्या लवकर बिघडतात. सहाव्या वर्षी मुलांना मागे येणारी दाढ दुधाची नसून कायमची असते, हेही तोच वेळेवर सांगतो.

पुष्कळ दवाखान्यांत तज्ज्ञ ठरावीक दिवशीच येतात. तेव्हा संकोच न करता तीन प्रश्न विचारा : काम कोण करणार? त्यांची पदवी कोणती? नंतर त्रास झाला तर कोणाकडे यायचे?

खर्चाची चिंता असेल तर फोर्टमधले सरकारी दंत महाविद्यालय आपल्यापासून लांब नाही. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ मात्र हाताशी ठेवावा. आणि दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, किंवा तोंड उघडू न देणारी सूज, यांसाठी एक दिवसही थांबू नका.

कन्नड येत नाही म्हणूनही थांबू नका. "हल्लु नोवु", म्हणजे दातदुखी, एवढे दोन शब्द पुरतात.

गणपती बाप्पा मोरया!