ओबामाकेअर नको, पण आमचा विमा राहू द्या

हेडफोन लावून लोकलमध्ये लटकत असाल किंवा कंपनीच्या बसमध्ये पेंगत असाल, तर आजचा भाग जरा अमेरिकेचा आहे. ‘आपल्याला काय त्याचं’ असं म्हणून स्किप करू नका. निदान माझ्या ताईची गोष्ट तरी ऐका.

मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं क्लेम्सचं सॉफ्टवेअर सांभाळतो. आमच्या टीमला दिवाळीची सुट्टी कधी धड मिळत नाही. कारण १ नोव्हेंबरला तिकडे ओपन एनरोलमेंट सुरू होतं, म्हणजे पुढच्या वर्षाचा आरोग्य विमा निवडायचा काळ. त्यामुळे या विषयातला डेटा मी रोज बघतो. पण त्यामागची माणसं मला मावसबहिणीमुळे कळली. ताई आणि दाजी डॅलसला असतात, ग्रीन कार्डवर. दोन वर्षांपूर्वी दाजींची नोकरी गेली, त्यांनी स्वतःचं कन्सल्टिंग सुरू केलं. कंपनीचा विमा गेला, म्हणून सरकारी मार्केटप्लेसवरून घेतला. हाच तो ओबामाकेअर.

हा कायदा मार्च २०१० मधला. त्याचं खरं नाव ‘अफोर्डेबल केअर ॲक्ट’. नावाचा हा घोळ लक्षात ठेवा, कारण सगळी गंमत त्यातच आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये सीएनबीसीने एक पाहणी केली. अर्ध्या लोकांना ‘ओबामाकेअर’बद्दल विचारलं आणि अर्ध्यांना ‘अफोर्डेबल केअर ॲक्ट’बद्दल. आपल्या भाषेत सांगायचं तर ए-बी टेस्टिंग, एकच बटण, दोन लेबलं. ओबामाकेअरला विरोध होता ४६ टक्के लोकांचा. दुसऱ्या नावाला ३७ टक्के. पण मजा पुढे आहे. पाठिंबाही ओबामाकेअरलाच जास्त होता, २९ टक्के विरुद्ध २२. आणि अफोर्डेबल केअर ॲक्ट म्हणजे काय हेच माहीत नाही म्हणणारे होते ३० टक्के! म्हणजे लोक कायद्यावर मत देत नव्हते, ओबामांवर देत होते.

केंटकीचं उदाहरण तर याहून भारी. तिथे राज्याने याच कायद्याखाली स्वतःची वेबसाइट काढली, नाव ठेवलं ‘कायनेक्ट’. मे २०१४ च्या एका पाहणीत तिथल्या ५७ टक्के मतदारांचं ओबामाकेअरबद्दल मत वाईट होतं आणि कायनेक्टबद्दल फक्त २२ टक्क्यांचं. अरे बाबांनो, तेच आहे ते!

आता पैशांचं भांडण. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोपर्यंत संसदेने खर्चाला मंजुरी दिली नाही तर सरकारचा बराचसा भाग बंद पडतो, कर्मचारी बिनपगारी घरी किंवा बिनपगारी कामावर. आपल्याकडे असं होत नाही. बजेटला उशीर झाला तर लेखानुदान असतं, आणि लोकसभेत बजेटच पडलं तर सरकारच पडतं. तिकडे सरकार पडत नाही, नुसतं कुलूप लागतं.

२०१३ मध्ये रिपब्लिकन पक्षाने अडून बसायचं ठरवलं: ओबामाकेअरचे पैसे थांबवा, नाहीतर खर्चाला मंजुरी नाही. १ ऑक्टोबरला सरकार बंद पडलं. आणि त्याच दिवशी ओबामाकेअरची वेबसाइट सुरू झाली! कारण त्या कायद्याचा बहुतेक खर्च दरवर्षीच्या मंजुरीवर अवलंबूनच नव्हता. म्हणजे ज्याच्यासाठी भांडले तेच सोडून बाकीचं बंद. पण साइटही अशी कोसळली की पहिल्या दिवशी फक्त सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. सहा! आमच्याकडे डेमोला यापेक्षा जास्त युजर असतात.

१६ दिवसांनी रिपब्लिकनांनी माघार घेतली. गॅलपच्या पाहणीत त्यांच्या पक्षाबद्दल चांगलं मत असणारे २८ टक्क्यांवर आले, तोवरचा नीचांक. सगळे म्हणाले, संपले हे. आणि वर्षभरात, नोव्हेंबर २०१४ ला, तोच पक्ष सिनेट जिंकून बसला. पाहणीतला राग आणि मतपेटीतला राग वेगळा असतो. मला तर वाटतं, पाहणीतला राग तारीख टाकून वाचावा, दुधाच्या पिशवीसारखा.

२०१७ मध्ये ट्रम्प सरकार कायदा रद्द करायला निघालं, तेव्हा मात्र उलटं झालं. हातातलं जाणार म्हटल्यावर लोकांना तो आवडायला लागला. जुलैत मध्यरात्रीनंतर जॉन मॅकेन यांनी सिनेटमध्ये अंगठा खाली केला आणि कायदा वाचला. पुढच्या वर्षी डेमोक्रॅट्सनी हाउस जिंकलं ते बरंचसं याच मुद्द्यावर. आयडाहो, युटा, ओक्लाहोमा, मिसूरी, ही सगळी पक्की रिपब्लिकन राज्यं. तिथल्या मतदारांनीही सार्वमतात गरिबांच्या मेडिकेडचा विस्तार मंजूर केला. नेते तेच निवडले आणि योजनाही घेतली. यात मला विसंगती वाटत नाही. आपल्या गावातही माणूस झेंडा एकाचा लावतो आणि दवाखाना दुसऱ्याने बांधलेला वापरतो.

तर ताई. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, विम्याच्या हप्त्यावरची सरकारी सवलत वाढवली होती. ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपणार होती. या वेळी अडून बसले डेमोक्रॅट्स: सवलत वाढवा, मगच खर्चाला मंजुरी. १ ऑक्टोबरला पुन्हा कुलूप, तब्बल ४३ दिवस, तोवरचं सगळ्यात लांब. माझ्या एका मित्राचा एच-१बी बदलायचा अर्ज लटकला, कारण त्याला लागणारा कामगार खात्याचा कागद मिळेना. गरिबांचं फूड स्टॅम्प अडकलं, विमानं रद्द झाली.

आणि लोकांचं मत? केएफएफच्या ऑक्टोबरच्या पाहणीत ७८ टक्के लोक म्हणाले, सवलत चालू ठेवा. रिपब्लिकनांमधलेही ५९ टक्के. तरी १२ नोव्हेंबरला कुलूप निघालं ते सवलतीशिवाय. फक्त डिसेंबरात सिनेटमध्ये मतदान घेऊ एवढं आश्वासन. मतदान झालं, लागत होती ६०, पडली ५१.

७८ टक्क्यांचा उपयोग काय, असं मी ताईला चिडून म्हटलं. ती म्हणाली, “अरे, मला तर मतच नाही.” खरंय, ग्रीन कार्डवाल्याला मत नसतं. तिच्या शेजारच्या काकूंना आहे. त्या दर निवडणुकीत ओबामाकेअरला शिव्या घालतात आणि विमा त्याच मार्केटप्लेसचा घेतात. त्यांचाही हप्ता वाढला. दोष कुणाचा विचारलं तर म्हणतात, “कंपन्या चोर आहेत.”

सवलतीची मर्यादा आता चार जणांच्या घराला वर्षाला १,२८,६०० डॉलर. ताई-दाजींचं उत्पन्न त्याच्या किंचित वर. म्हणजे सवलत शून्य. महिन्याचा हप्ता नऊशे डॉलरच्या आसपास होता, तोच प्लॅन दोन हजारांवर गेला. त्यांनी खालचा, ब्राँझ प्लॅन घेतला, ज्यात आधी हजारो डॉलर खिशातून गेल्याशिवाय कंपनी फारसं काही देत नाही. ताईच्या गुडघ्याचा एमआरआय करायचाय. तो तिने पुढे ढकलला. परवा व्हॉट्सॲपवर मेसेज होता: “मे महिन्यात येतेय. तिकडे ओळखीचं सेंटर बघून ठेव.”

मी कोथरूडमध्ये दोन ठिकाणी विचारून आलोय. तुमच्या माहितीत चांगलं कुठलं असेल तर कमेंटमध्ये सांगा. आणि तुमचं कुणी तिकडे याच फेऱ्यात असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटू मंगळवारी.