पूर्वेकडील देश आणि आपले वास्तव्य

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात सोलापूर येथे केलेले भाषण)



आज बोलण्यासाठी आम्हांस जो विषय देण्यात आला आहे, तो काही वर्षांपूर्वी या व्यासपीठावर कोणी सुचविला असता तर सभेत हशा पिकला असता. पूर्वभागातील विणकराच्या मुलाने पुण्यास जावे की भिवंडीस, येथपर्यंतच आपला विचार धावत असे. फार तर करीमनगर-जगत्यालकडील सोयऱ्यांचे पाहून कोणी दुबईचे नाव काढी. आता सिंगापूर, मलेशिया, थायलंड ही नावे सोयरिकीच्या बैठकींतही निघतात आणि मुलगा तिकडे असल्याचे सांगताना बापाचा आवाज चढतो. त्यात वावगे काही नाही.

तथापि मागील वर्षी एक वयोवृद्ध ज्ञातिबांधव आमच्याकडे आले आणि त्यांनी जो प्रश्न विचारला त्याने आम्ही अस्वस्थ झालो. त्यांचे चार यंत्रमाग आहेत, वडिलार्जित घर आहे. मुलगा तिकडे नोकरीस आहे. "माग आणि घर विकून आम्ही उभयतांनी त्याच्याकडेच कायमचे जावे काय?" असा त्यांचा प्रश्न होता. त्या दिवशी आम्ही त्यांस जे सांगितले तेच आज थोड्या विस्ताराने आपणांपुढे मांडतो.

परदेशातील राहणीचा हिशेब करताना लोक घरभाडे, भाजीचा भाव आणि रुग्णालयाचा खर्च विचारतात. हे प्रश्न योग्यच आहेत, परंतु ते दुय्यम आहेत. आमच्या मते प्रथम विचारावयाचे ते निराळेच. तेथे आपण ज्या कागदावर राहणार त्याची मुदत किती? ज्या घरात राहणार त्याच्या खालची जमीन कोणाची? आणि आपली मुले तेथे मोठी झाल्यावर कोण होणार? हे तीन प्रश्न आम्ही पुस्तकातून काढलेले नाहीत. तेलुगू बोलणाऱ्या आपल्यासारख्याच लोकांच्या इतिहासातून ते आलेले आहेत.

आपले पूर्वज निजामी मुलखातून, करीमनगर, वरंगळ, नळगोंडा या भागांतून, सोलापुरास आले. राज्य निराळे, भाषा निराळी. परंतु त्यांच्या वास्तव्याला मुदत घालणारा कागद त्यांना कोणी मागितला नाही. १८७७ साली येथे कापडाची पहिली गिरणी निघाली, तिच्या मागोमाग आणखी निघाल्या, आणि हातात कसब असलेल्या माणसाला हे गाव आपलेसे करीत गेले. आज आपण घरी तेलुगू बोलतो, शाळेत मराठी शिकतो, आणि नारळी पौर्णिमेस मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा हे गाव आपले की परके असा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही.

त्याच काळात आंध्र किनाऱ्यावरील, विशाखापट्टणम आणि गोदावरीकडील, हजारो तेलुगू माणसे जहाजाने ब्रह्मदेशात गेली. त्यांनाही कोणी कागद विचारला नाही, कारण १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. १९३१ च्या जनगणनेत त्या देशात दहा लाखांहून अधिक भारतीय होते आणि रंगून शहरात तर निम्म्याहून अधिक वस्ती त्यांची होती. गोदीतील ओझी वाहण्याचे काम बहुतांशी तेलुगू मजुरांच्या हाती होते. १९३० च्या मे महिन्यात त्यांनी संप केला, त्यांच्या जागी ब्रह्मी मजूर घेतले गेले, आणि संप मिटल्यावर त्या ब्रह्मी मजुरांना घरी पाठविण्यात आले तेव्हा दंगल उसळली. तिच्यात तेलुगू मजूर शेकड्यांनी बळी पडले. १९४१ च्या डिसेंबरात जपानी बाँब पडल्यावर लाखो भारतीय अरण्ये आणि डोंगर तुडवीत मायदेशी निघाले. त्यांतील हजारो वाटेतच मेले. जे राहिले किंवा परतून गेले त्यांचा हिशेब पुढे चुकता झाला. १९६२ साली जनरल ने विन यांनी सत्ता घेतली, त्यानंतर दुकाने सरकारजमा झाली, १९६४ साली मोठ्या नोटा रद्द झाल्या आणि सुमारे तीन लाख भारतीयांना तो देश सोडावा लागला. दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांची मिळकत मागे राहिली. मद्रासेतील बर्मा बाजार तो याच निर्वासितांचा.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. आपले पूर्वज शहाणे होते आणि रंगूनला गेलेले मूर्ख होते, असे नव्हे. दोघांनीही पोटासाठी सीमा ओलांडली. एकाच्या बाबतीत १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले आणि ती सीमा पुसली गेली. दुसऱ्याच्या पायाखाली १९३७ साली नवी सीमा आखली गेली. हे भाग्याचे प्रकार आहेत. परंतु आज परदेशी जाणाऱ्यासमोर सीमा आधीच आखलेली असते आणि तिचे नियम छापलेले असतात. ते न वाचता जाणाऱ्याला भाग्याकडे बोट दाखविता येणार नाही.

आता एकेक देश पाहू. प्रथम थायलंड, कारण स्वस्ताई, स्वच्छता आणि हसतमुख लोक यांमुळे त्याची स्तुती फार ऐकू येते. बँकॉकच्या पाहुरत भागात पंजाबी कापडव्यापाऱ्यांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १९६९ साली आदित्य बिर्ला यांनी त्या देशात सूतगिरणी काढली तेव्हापासून भारतीय वस्त्रोद्योगाचेही पाऊल तेथे पडले आहे. मग विणकराला तेथे वाव असेल असे वाटणे साहजिक आहे. परंतु तेथील सरकारने काही कामे केवळ थाई नागरिकांसाठी राखून ठेवलेली आहेत. १९७९ साली ही यादी निघाली, २०२० साली ती सुधारण्यात आली. त्या यादीत हाताने कापड विणणे हे काम आहे. हाताने रेशीम काढणे व पिळणे हे आहे. आणि, आपल्या भगिनींनी नीट ऐकावे, हाताने सिगारेट वळणे हेही आहे. आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या दोन कामांवर संसार केले, माग आणि विडी, त्या जातीची दोन्ही कामे परक्या माणसाला तेथे कायद्याने बंद आहेत. यात आम्ही त्या राष्ट्राला दोष देत नाही. आपल्या गरिबांचे काम राखणे हा त्यांचा अधिकारच आहे. मात्र केवळ हातातील कसबाच्या भरवशावर तिकडे जाणाऱ्याने ही यादी आधी पाहावी.

वृद्धांसाठी तेथे निराळा परवाना आहे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने आठ लाख बाहत, म्हणजे वीस लाखांहून अधिक रुपये, तेथील बँकेत ठेवले किंवा दरमहा पासष्ट हजार बाहतांची प्राप्ती दाखविली की वर्षभर राहता येते. दर वर्षी परवाना नवा करावयाचा आणि दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवावयाचा. काम करावयाचे नाही. जमीन परक्याच्या नावे होत नाही. मोठ्या इमारतीतील सदनिका घेता येते, तीही त्या इमारतीतील एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परक्यांकडे असू शकते. थोडक्यात, पाहुणा म्हणून मान आहे आणि पाहुणा म्हणूनच राहावयाचे आहे.

मलेशियाची गोष्ट वेगळी. तेथे तेलुगू माणूस जुना आहे. रबर आणि नारळाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज आज तेथील नागरिक आहेत आणि १९५५ साली त्यांनी स्थापन केलेली तेलुगू संस्था आजही चालू आहे. परंतु ते नागरिक झाले ते १९५७ च्या स्वातंत्र्याच्या वेळी. आज जाणाऱ्याला ती वाट नाही. शिवाय १९६९ च्या मे महिन्यातील दंग्यांनंतर, १९७१ पासून, नोकरी, शिक्षण आणि व्यापार यांत तेथील मूळ रहिवाशांना अग्रहक्क देण्याचे धोरण आहे, आणि नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या मुलालाही ते जाणवते. पैसेवाल्यांसाठी २००२ पासून तेथे दीर्घ वास्तव्याची योजना आहे. २०२१ साली तिच्यातील मासिक प्राप्तीची अट दहा हजार रिंगिटांवरून एकाएकी चाळीस हजारांवर नेण्यात आली! पुढे अटी पुन्हा बदलल्या. २०२४ च्या नियमांप्रमाणे सर्वांत खालच्या पायरीसही दीड लाख अमेरिकन डॉलर, म्हणजे सव्वा कोटी रुपयांहून अधिक, ठेव ठेवावी लागते आणि सहा लाख रिंगिटांचे घर घ्यावे लागते. मुदत पाच वर्षे. पाच वर्षांनी कोणता नियम असेल हे कोणी सांगावे?

इंडोनेशिया आणि व्हिएतनाम यांविषयी फार बोलण्याचे कारण नाही. इंडोनेशियात भारतीयांच्या मोठ्या कापडगिरण्या व कृत्रिम धाग्याचे कारखाने आहेत आणि आपल्यातील वस्त्रोद्योगाची पदविका घेतलेल्या मुलाला तेथे चांगली नोकरी मिळू शकते. पण १९६० च्या जमीन कायद्याने परक्याला जमिनीची मालकी मिळत नाही. व्हिएतनाममध्ये २०१५ पासून परक्याला सदनिका घेता येते, तीही पन्नास वर्षांपुरती. नोकरीसाठी जाण्यास दोन्ही देश चांगले, मुळे रोवण्यास नव्हेत. हवेविषयीही एक शब्द. आपले ऊन कोरडे, तिकडची उष्णता ओली. सुताला ती मानवेल, सोलापूरच्या म्हाताऱ्याला मानवेलच असे नाही.

सिंगापूर हा या सर्वांत आम्हांस सर्वांत सरळ देश वाटतो. तेथे काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे आधी सांगतात. ज्याला विद्या आहे, वय आहे, त्याला नोकरी मिळते, पुढे कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो आणि क्वचित नागरिकत्वही. १९६० पासून तेथील सरकारी मंडळाने घरे बांधली आणि आज बहुसंख्य रहिवासी त्या घरांत राहतात. कुंभारीच्या माळावर आपल्या विडी कामगार भगिनींची दहा हजार घरे उभी राहिली, त्या गावाला तरी या गोष्टीचे मोल समजावून सांगावयास नको. पण नव्याने गेलेल्याला ते घर मिळत नाही. कायम परवाना मिळाल्यावर तीन वर्षांनी जुने घर विकत घेता येते. नुसत्या परदेशी माणसाने खासगी घर घेतले तर २०२३ च्या एप्रिलपासून किमतीच्या साठ टक्के जादा मुद्रांक शुल्क आहे.

मुलांचे काय? बापाबरोबर कायम परवाना घेतलेल्या मुलग्याला अठराव्या वर्षाच्या सुमारास दोन वर्षे सक्तीची राष्ट्रसेवा करावी लागते. ती टाळून परवाना सोडला तर पुढे त्याला तेथे शिक्षणाचे वा नोकरीचे दार उघडणे कठीण. शाळेत मातृभाषा म्हणून तमिळ आहे. हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू याही घेता येतात. तेलुगू नाही, मराठीही नाही. म्हणजे आपल्या घरच्या दोन्ही भाषा त्या मुलाच्या शाळेबाहेर राहणार. आजीशी तो कोणत्या भाषेत बोलणार, हे आईबापांनी जाण्यापूर्वीच ठरवून घरात तशी शिस्त लावावी. आणि नागरिकत्व घेतले की भारताचे जाते, कारण दोन नागरिकत्वे दोन्ही देशांस मान्य नाहीत. मग येथे परदेशस्थ भारतीयाचे कार्ड मिळते, परंतु मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मात्र येते.

आता जे बोलणार आहोत ते अधिक निकडीचे आहे. सधन कुटुंबे चुकली तर पैसा जाईल. गरिबाचा मुलगा चुकला तर मुलगाच जाईल. थायलंडमध्ये संगणकावरील नोकरी, राहणे-जेवण फुकट, पगार लाखाच्या घरात, अशी पत्रे आपल्याही वस्तीत फिरत आहेत. असे पत्र घेऊन एक विडी कामगार माता आमच्याकडे आली होती. मुलाने कर्ज काढून दलालाला पैसे दिलेले होते. पत्रावर कंपनीचा पत्ता नव्हता आणि परवाना पर्यटकाचा होता. मुलगा निघाला नाही, पैसे मात्र बुडाले. जे निघाले त्यांची हकीकत सरकारनेच २०२२ पासून वारंवार इशारे देऊन सांगितली आहे. बँकॉकला उतरवून मे सोतच्या सीमेवरून नदीपार म्यानमारमधील म्यावड्डीस नेतात, पारपत्र काढून घेतात, आणि कुंपणाच्या आत कोंडून लोकांस फसविण्याचे काम करवितात. नकार दिल्यास मार. २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या वायुदलाच्या विमानांनी तेथून पाचशेहून अधिक भारतीयांस परत आणले. कंबोडियातूनही अशीच सुटका करावी लागली आहे. १९३० साली तेलुगू मजुराला रंगूनच्या गोदीत निदान दिवसाची मजुरी मिळत होती.

ज्यांची दहावी झालेली नाही त्यांच्या पारपत्रावर उत्प्रवासन तपासणीची नोंद असते. अशांना मलेशिया, थायलंड व इंडोनेशियात नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी लागते. ही मंजुरी म्हणजे अडथळा असे दलाल सांगतो आणि पर्यटक म्हणून जाण्यास सुचवितो. तेथेच त्याचा हेतू ओळखावा. नोंदणीकृत दलालाला सेवाशुल्क तीस हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक घेता येत नाही, आणि त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या संकेतस्थळावर पाहता येतो.

त्या वयोवृद्ध बांधवांस आम्ही काय सांगितले ते आता सांगतो. मुलगा सिंगापुरास असल्याने त्याच्याकडे जावे, नातवंडांत चार महिने राहावे, परत यावे. माग चालविणे होत नसेल तर ते भाड्याने द्यावेत. घर विकू नये आणि त्याची कागदपत्रे मुलाच्या नावे घाईने करू नयेत. मुलाचा कायम परवाना होऊन दहा वर्षे जाऊ द्यावीत, मग पुन्हा विचार करावा. ते थोडे नाराज झाले. पत्नीस मात्र हे पटले, असे त्यांनी नंतर कळविले. यंदा रथोत्सवाच्या आधी दोघे परत आले आणि दोन माग पुन्हा सुरू झाले आहेत.

ज्यांच्या घरी परदेशी नोकरीचे पत्र आले असेल त्यांनी पैसे देण्यापूर्वी ते संस्थेच्या कार्यालयात आणावे. दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही आणि आपल्या ज्ञातीतील दोन वकील तेथे बसतो. मूळ पत्र आणावे, भ्रमणध्वनीवरील छायाचित्र चालत नाही. आणि शक्यतो मुलासही बरोबर आणावे.