शंभर कशाचे? स्क्रिप्टला ऑप्शन नीट वाचायला लावूया

हिंगोलीतून बोलतोय. मागं फॅनचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या, बंद केला तर मीच बोलू शकणार नाही. आजचा विषय कमांड लाइनचा आहे, पण मोबाईलवर ऐकताना कोड समोर नसला तरी चालेल. मी सगळं बोलूनच सांगतो.

तर झालं असं. सेनगाव तालुक्यात आमच्या आत्याचं गाव. गावात बंधारा कुठं घ्यायचा याची चर्चा चालू होती आणि ग्रामसभेत दाखवायला ओढ्यांचा नकाशा पाहिजे होता. मी ग्रास जीआयएससाठी एक छोटी बॅश स्क्रिप्ट लिहिली: उंचीचा रास्टर घ्यायचा, आर डॉट वॉटरशेड चालवायचं, ओढे काढायचे. स्क्रिप्टला दोनच गोष्टी लागायच्या. पहिली रास्टरचं नाव, दुसरी एक आकडा. कोडमध्ये डॉलर एक, डॉलर दोन. बस्स. आत्तेभावाला पाठवली आणि सांगितलं, "आकडा टाक, ओढे निघतील."

त्याला किमान शंभर हेक्टरचं पाणी येणारे ओढे पाहिजे होते. त्यानं शंभर टाकले. स्क्रिप्ट चालली, एरर नाही, वॉर्निंग नाही, नकाशा तयार. त्यानं प्रिंट पण काढली. ती बघून मामा म्हणाले, "अरे लेकरा, आपल्या बांधावरून हा वढा कधीपासून वाहायला लागला?"

चूक माझी होती. आर डॉट वॉटरशेडचा थ्रेशोल्ड हेक्टरमध्ये नसतो, तो सेलच्या संख्येत असतो. आमचा रास्टर ३० मीटरचा, म्हणजे एक सेल ९०० चौरस मीटर. शंभर सेल म्हणजे फक्त ९ हेक्टर. पाहिजे होते १,१११ सेल. नऊ हेक्टरला ओढा धरला तर प्रत्येक बांधावर निळी रेघ येणारच. मामांनी ओळखलं नसतं तर तोच कागद ग्रामसभेत फिरला असता.

आता गंमत बघा. त्याच स्क्रिप्टमध्ये दुसरी एक चूक होती, पण ती लगेच सापडली. एका फाइलचं नाव होतं औंढा नागनाथ, मधे स्पेस. मी डॉलर एकला अवतरण चिन्हं लावली नव्हती. बॅशनं त्याचे दोन तुकडे केले, औंढा वेगळं, नागनाथ वेगळं, आणि स्क्रिप्ट तिथंच आपटली. अशी चूक परवडली, ती ओरडून सांगते. जीडालमध्येही असंच. जीडाल-वार्पच्या टीई ऑप्शनला आधी डावा-खालचा कोपरा द्यायचा, मग उजवा-वरचा. जीडाल-ट्रान्सलेटच्या प्रोजविनला डावा-वरचा आणि मग उजवा-खालचा. वार्पचे चार आकडे ट्रान्सलेटला दिले की उंची निगेटिव्ह येते आणि ते काम करायलाच नकार देतं. शंभरचं तसं नव्हतं. शंभर हा आकडा म्हणून बरोबरच होता.

मग मी काय केलं? आधी गेटऑप्ट्स वापरून बघितलं. बॅशमध्येच असतं, पण एकाच अक्षराचे ऑप्शन घेतं. मायनस एच म्हणजे हेक्टर की हेल्प, हे सहा महिन्यांनी मलाच आठवणार नाही.

ग्रासकडं स्वतःची सोय आहे, जी डॉट पार्सर. स्क्रिप्टच्या वरती हॅश आणि टक्क्यानं सुरू होणाऱ्या कॉमेंट लिहायच्या. बॅशसाठी त्या नुसत्या कॉमेंट, पण जी डॉट पार्सर त्या वाचतो. ऑप्शनचं नाव काय, टाइप इंटिजर की स्ट्रिंग, सक्तीचा आहे का, आकडा कुठून कुठपर्यंत चालेल, सगळं तिथं लिहायचं. स्क्रिप्ट सुरू झाली की आधी स्वतःला जी डॉट पार्सरच्या हवाली करते. तो तपासतो, आणि सगळं ठीक असेल तरच पहिल्या जागी एक खुणेचा शब्द घालून तीच स्क्रिप्ट परत चालवतो. म्हणजे स्क्रिप्ट दोनदा चालते. हे मला कळायला एक अख्खी संध्याकाळ गेली, मी आपला शोधत बसलो की माझा एको दोनदा का छापतोय.

मी ऑप्शनचं नाव थ्रेशोल्ड ठेवलंच नाही. हेक्टर ठेवलं. आता लिहायचं, हेक्टर बरोबर शंभर. सेल किती ते स्क्रिप्ट स्वतः जी डॉट रीजनला रिझोल्युशन विचारून काढते. मर्यादा ठेवली २० ते २०००. कुणी ९ टाकलं तर तिथंच थांबेल. नाव चुकवलं तरी थांबेल. आणि काहीच न देता चालवली तर ऑप्शन भरायची खिडकी आपोआप उघडते. आत्तेभावाला सगळ्यात जास्त तेच आवडलं, टर्मिनलशी त्याचं जमत नाही.

पायथॉनवाल्यांसाठी आर्गपार्स आहेच. टाइप सांगायला विसरू नका, नाहीतर शंभर हा आकडा नाही, अक्षरं म्हणून येतो. हेल्पमधलं वाक्य मराठीत लिहिलं तरी चालतं, लिहा बिनधास्त. एक खोच सांगतो: आर्गपार्स ऑप्शनचं अर्धवट नाव पण मान्य करतो. पुढं तशाच अक्षरांचा दुसरा ऑप्शन आला की जुनी कमांड बंद पडते. अलाऊ-अब्रेव्ह फॉल्स करून टाका.

नवा नकाशा मामांना दाखवला. बांधावरच्या रेघा गेल्या. तरी एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, इथं आता शेततळं आहे. बरोबर आहे त्यांचं. आमचा रास्टर एसआरटीएमचा, मोजणी फेब्रुवारी २००० ची. त्याला कुठलाच ऑप्शन नाही. रविवारी मोबाईलचं जीपीएस घेऊन गावात जातोय, काय सापडतं ते पुढच्या भागात सांगतो.