सहज वाहणारे रबर

फुटलेली प्लॅस्टिकची बादली वितळवून पुन्हा घडवता येते. झिजलेल्या टायरचे तसे होत नाही. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी गंधकाच्या साहाय्याने रबराच्या साखळ्या एकमेकींशी कायमच्या बांधल्या. रबराला बळ आले, पण वितळण्याचा गुण गेला.

१९६५ मध्ये शेल कंपनीने हा पेच निराळ्या रीतीने सोडवला. जेफ्री होल्डन व राल्फ मिल्कोविच यांच्या बहुवारिकात प्रत्येक साखळीची टोके पॉलिस्टायरिनची आणि मधला भाग रबराचा असतो. टोके एकत्र येऊन कठीण कण बनतात. सुमारे १०० अंश सेल्सियसपर्यंत हे कण गाठींचे काम करतात. पुढे ते मऊ पडतात आणि निवताच गाठी पुन्हा बसतात.

परंतु वितळल्यावरही ती टोके मधल्या भागात सहजी मिसळत नाहीत. त्यामुळे श्यानता तेवढ्याच रेणुभाराच्या साध्या बहुवारिकापेक्षा कितीतरी अधिक राहते. १९७२ मध्ये आलेला हायड्रोजनयुक्त प्रकार ऊन-हवेला टिकाऊ, पण वाहण्यात अधिकच हट्टी.

नुसते तेल घालून काही कामे भागतात. पॉलिप्रॉपिलिनमध्ये ते मिसळायचे झाले की खरी अडचण. थेंब कसा फुटतो याचा अभ्यास जी. आय. टेलर यांनी १९३०च्या दशकात केला. साध्या घसरत्या प्रवाहात थेंब भोवतालच्या द्रवाहून सुमारे चौपटीपेक्षा अधिक श्यान असेल, तर तो फुटत नाही, नुसता गरगरतो. (पिठल्यातील गुठळी ज्यांनी मोडून पाहिली आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको.) रबराचे असे गोळे राहिले, तर मोटारीचा बंपर थंडीत धक्क्यासरशी तडकतो.

साखळी निम्मी केली, तर श्यानता साधारण दशांशावर येते. मात्र टोके फार आखूड झाली की ती वेगळी होऊन गोळाच होत नाहीत. रबर वाहते, पण धरून ठेवत नाही. यापेक्षा चतुर उपाय मधल्या भागात आहे. ब्यूटाडाइनचे रेणू जोडताना त्यांतले अधिक रेणू बाजूच्या फांद्या काढतील असे पाहावयाचे. हायड्रोजन दिल्यावर अशा साखळ्या परस्परांत कमी गुंततात, सहज वाहतात आणि पॉलिप्रॉपिलिनशी अधिक जुळवून घेतात. टोकांना हात लावावा लागत नाही.

तथापि फांद्या वाढवाव्यात तसे हे रबर थंडीत लवकर ताठरते. बंपर बनवणाऱ्याला नेमके तेच नको असते. म्हणून फांद्यांचे प्रमाण ठरवताना साच्यातील प्रवाहाबरोबर गोठणबिंदूखालील धक्क्याची चाचणीही घ्यावी लागते.